सामाजिक साम्राज्यवाद आणि हेरेरोंची हाडं

‘सामाजिक साम्राज्यवाद’ हा शब्द ऐकला की वाटतं, समाजकल्याणाचं कायतरी असेल. तसलं काही नाही. आपल्याच घरचा भुकेला कामगार आपल्या अंगावर येऊ नये म्हणून राज्यकर्त्यानं त्याला दुसऱ्याच्या मुलखाचा रस्ता दाखवायचा, त्याचं हे नाव. सेसिल ऱ्होड्सनं ही गोष्ट लाजलज्जा न ठेवता बोलून टाकली होती. १८९५ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये तो बेकारांच्या सभेला गेला, त्यांचा भाकरीसाठीचा आकांत ऐकला, आणि नंतर स्टेड नावाच्या पत्रकाराला म्हणाला की देशात यादवी नको असेल तर साम्राज्य वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. लेनिननं १९१६ साली साम्राज्यवादावरचं पुस्तक लिहिताना हा दाखला बरोबर उचलला.

शब्द एकच, पण वापरणारे तीन. १९१४ च्या युद्धात जे समाजवादी पुढारी आपापल्या सरकारांच्या मागं उभे राहिले त्यांना लेनिननं ‘सामाजिक साम्राज्यवादी’ म्हटलं. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाचे रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा चीननं हीच शिवी रशियाला घातली. तिसरे इतिहासकार. मी बोलतोय ते या तिसऱ्यांबद्दल, कारण त्यांची पुस्तकं शहाणी आहेत, आणि त्या शहाणपणात एक भोक आहे.

जर्मनीचा हान्स-उलरिख वेलर हा त्यातला मोठा माणूस. १९६९ साली त्यानं बिस्मार्क आणि साम्राज्यवाद यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी एकार्ट केर या पोरसवदा इतिहासकारानं १९३० मध्ये जर्मन आरमारावर लिहून दाखवलं होतं, की जहाजं समुद्रावरच्या शत्रूसाठी जितकी बांधली तितकीच घरातल्या भांडणासाठी बांधली. केर १९३३ साली तिशीतच वारला, विसरला गेला. वेलरनं त्याला परत उजेडात आणलं.

वेलरचं म्हणणं थोडक्यात असं. १८७३ नंतर मंदी आली. कारखाने बसले, कामगार समाजवाद्यांकडे वळला. बिस्मार्कनं १८७८ साली समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला. ही झाली काठी. मग १८८३ ला आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपणाचा. हा झाला गूळ. (गूळ पण फुकट नव्हता. आजारपणाच्या विम्यातले तीनापैकी दोन हिस्से कामगाराच्याच पगारातून कापायचे. आणि पेन्शन सत्तरीला! सुताची धूळ खाणारा माणूस सत्तरी बघतो का, हे बिस्मार्कला कुणी विचारायला पाहिजे होतं.) काठी आणि गूळ दोन्ही अपुरे पडतात म्हणून तिसरी गोष्ट, आफ्रिका. १८८४-८५ या दीड-दोन वर्षांत टोगो, कॅमेरून, नैर्ऋत्य आफ्रिका, पूर्व आफ्रिका, सगळं जर्मन झेंड्याखाली. बाहेर झेंडा फडकला की आत पोट विसरतं, असा हा हिशोब.

मग कामगार खरंच फसला का? इथं जेफ एली नावाच्या इंग्रज इतिहासकारानं १९७६ पासून वेलरला धरलं. वरून कळ दाबली आणि खाली माणसं नाचली, असं नसतं, तो म्हणाला. साम्राज्याचं वेड मध्यमवर्गाच्या संघटनांनी आपणहून वाढवलं. कामगार त्यात मोठ्या संख्येनं गेलाच नाही. मला एली पटतो. १९०७ ची निवडणूक बघा. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या लढाईसाठी जादा पैसे द्यायला समाजवादी आणि कॅथलिक सेंटर पक्षानं नकार दिला, म्हणून डिसेंबर १९०६ मध्ये संसद बरखास्त केली. ‘देशद्रोही’ म्हणून समाजवाद्यांविरुद्ध गावभर बोंब मारली. त्यांच्या जागा ८१ वरून ४३ वर आल्या. सगळी पुस्तकं हा आकडा सांगतात. पण मतं? ती तीस लाखांवरून बत्तीस लाखांच्या वर गेली. बाकीचे पक्ष दुसऱ्या फेरीत एक झाले म्हणून जागा गेल्या. कामगार आपल्या जागेवरून फारसा हलला नव्हता. आणि १९१२ ला त्याच पक्षाच्या ११० जागा.

पण मला इथं थांबायचं आहे. वेलर आणि एली भांडतात ते जर्मन कामगारावरून. तो फसला की नाही फसला. ज्या लढाईच्या पैशावरून संसद मोडली ती लढाई कुणाशी होती? हेरेरो आणि नामा लोकांशी. ते या भांडणात गावकुसाबाहेर आहेत.

जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो उठले. जमीन गेली होती, गुरं गेली होती, सावकारीनं मान पिळली होती. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला त्यांना घेरलं. जे निसटले त्यांना ओमाहेके वाळवंटात हाकललं आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. पाण्यावर पहारा म्हणजे काय ते आपल्याला निराळं सांगायला नको. २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फॉन ट्रोथानं हुकूम काढला : हद्दीत दिसेल तो हेरेरो, बंदूकवाला असो नसो, गोळी घाला, बायकापोरांना थारा देऊ नका. डिसेंबरात बर्लिननं हुकूम मागं घेतला. नंतर काय, छावण्या. लुडेरित्झजवळच्या शार्क बेटावर थंडी-वाऱ्यात माणसं मेली, उरलेल्यांनी रेल्वे बांधली. साधारण ऐंशी हजार हेरेरो होते असं धरतात. १९११ च्या मोजणीत पंधरा हजारांच्या आसपास उरले. नामा निम्मे गेले. मेलेल्यांची डोकी खरवडून साफ करायचं काम छावणीतल्या हेरेरो बायकांना लावलं, आणि कवट्या ‘संशोधना’साठी बर्लिनला पाठवल्या.

हे सगळं वेलरच्या सिद्धांतात कशात मोडतं? ‘लक्ष दुसरीकडे वळवणं’ यात. म्हणजे ऐंशी हजार माणसं बर्लिनच्या राजकारणातली एक युक्ती. ग्रंथ राज्यकर्त्याच्या विरुद्ध आहे, कामगाराच्या बाजूचा आहे, तरी खालचा माणूस त्यात माणूस म्हणून येत नाही.

कामगारांच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न समोरासमोर विचारला गेला होता. ऑगस्ट १९०७, श्टुटगार्ट, आंतरराष्ट्रीय समाजवादी काँग्रेस. हॉलंडचा व्हान कोल म्हणाला, समाजवादातसुद्धा वसाहती असू शकतात. बर्नस्टाईननं त्याची बाजू घेतली, आणि जर्मन शिष्टमंडळाची मतं तिकडंच पडली. शार्क बेटावरची छावणी त्याच वर्षी बंद झाली होती. ठराव पडला, पण कसा? १२७ विरुद्ध १०८. एकोणीस मतांनी! त्याच काँग्रेसमध्ये आपल्या मुंबईच्या मादाम भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा उघडून दाखवला. ज्यांच्या मुलखाबद्दल मतं मोजली जात होती त्यातलं कुणीतरी तिथं उभं राहून बोललं, हे मला त्या १२७ पेक्षा मोठं वाटतं.

सात वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ ला, त्याच जर्मन पक्षानं संसदेत युद्धाच्या पैशाला एकमुखानं होकार दिला. डिसेंबरात विरोधात हात वर केला तो एकट्या कार्ल लिब्कनेख्तनं.

२०११ मध्ये बर्लिनहून वीस कवट्या नामिबियाला परत गेल्या. त्यानंतर आणखी काही गेल्या. मे २०२१ मध्ये जर्मन सरकारनं कबूल केलं की तो वंशसंहार होता, आणि तीस वर्षांत ११० कोटी युरो देऊ म्हणालं. पैसे विकासासाठी, ‘नुकसानभरपाई’ हा शब्द मुद्दाम टाळला. बोलणी दोन सरकारांमध्ये झाली. हेरेरो आणि नामांच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी तो मसुदा परत फेकला. आम्हाला विचारलं कुणी, असं त्यांचं म्हणणं आहे.