तंजावरच्या दप्तरातील डोळे

मराठ्यांच्या इतिहासाचे दप्तर म्हटले की मोहिमा, तहनामे, सनदा आणि जमाखर्च हेच आपल्याला आठवतात. रोग्याच्या डोळ्याचे चित्र अशा दप्तरात निघेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तशी चित्रे आहेत, आणि ती एका भोसलेकुलोत्पन्न राजाच्या पदरी काढली गेली, हे श्रोत्यांना आज मुद्दाम सांगावयाचे आहे.

हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी. व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या गादीवर ते १७९८ साली बसले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. तलवार म्यान झाल्यावर मनगटातील जोर कशात खर्चावा, हा प्रश्न त्या काळी हिंदुस्थानातील पुष्कळ संस्थानिकांपुढे होता. कित्येकांनी तो नाचरंगात सोडविला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने मात्र ग्रंथ जमविले, छापखाना काढला, बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्याच नादात, आणि नाद हा शब्द मी येथे गौरवाने वापरतो, त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला.

धन्वंतरी महाल हा नुसता दवाखाना नव्हता. तेथे आपले वैद्य, दक्षिणेतील सिद्धवैद्य, युनानी हकीम आणि पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर या सर्वांच्या विद्येला जागा होती. औषधे तयार करावयाची, ती रोग्यांना द्यावयाची आणि गुण आला की नाही ते पाहावयाचे, असा तेथील क्रम. अनुभवास उतरलेले उपाय पुढे तमिळ पद्यात ग्रथित झाले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते प्रसिद्ध असून त्यांतील एक भाग केवळ नेत्ररोगांना वाहिलेला आहे. परंतु मला त्याहून मोलाची वाटतात ती रोग्यांची टिपणे. रोग्याची तक्रार काय, डोळा कसा दिसतो, उपचार कोणता केला, हे लिहून ठेवावयाचे आणि जोडीला डोळ्याचे चित्र काढवून घ्यावयाचे. रोगी घरी गेला तरी त्याचा डोळा कागदावर राहिला. आजचा डोळा कालच्या डोळ्याशी ताडून पाहण्याची ही सोय दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला सुचली होती.

तरीही या चित्रांना एक मर्यादा होती, आणि ती चित्रकाराच्या हाताची नव्हती. त्याला दिसत होता तो डोळा बाहेरून. लाली, फूल, मोतीबिंदूची पांढरट झाक एवढे त्याला रेखाटता येई. मोतीबिंदू तर आपल्याकडे फार जुन्या काळापासून ओळखीचा. शलाकेने तो दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तपशिलाने सांगितली आहे. युरोपात १७४७ साली दाव्हियेल या फ्रेंच शस्त्रवैद्याने मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढण्याची रीत पाडली. पण ज्याचा डोळा बाहेरून स्वच्छ आणि दृष्टी मात्र गेलेली, त्याच्यापुढे तंजावरचे वैद्य काय आणि पॅरिसचे काय, सारखेच हतबल होते.

याचे कारण मोठे मौजेचे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात पाहू गेले की बाहुली काळी दिसते. आत प्रकाश शिरत नाही, असे नव्हे. शिरलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत फिरतो, आणि त्या वाटेच्या टोकाशी दिवा असतो, पाहणाऱ्याचा डोळा नसतो. पाहणाऱ्याने तेथे डोके घालावे, तर दिवाच झाकला जातो! सरफोजीराजे १८३२ साली निवर्तले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८५१ साली, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हे कोडे सोडविल्याचे प्रसिद्ध केले. त्याने काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवरून उलटून रोग्याच्या डोळ्यात जाई, आणि परतणाऱ्या उजेडाचा काही अंश काचेतून पार होऊन पाहणाऱ्यास मिळे. एवढ्याशा युक्तीने जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ, त्यावरील रक्तवाहिन्या आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे तोंड प्रथमच नीट न्याहाळता येऊ लागले. शरीर न उघडता रक्तवाहिन्या व मज्जातंतू प्रत्यक्ष दिसाव्यात, अशी दुसरी जागा माणसाच्या देहात नाही.

दिसू लागले म्हणजे लगेच कळते, असे मात्र नाही. काचबिंदूच्या रोग्यांत मज्जातंतूचे ते तोंड वेगळे दिसते, हे ध्यानात आले तेव्हा चांगल्या चांगल्या निरीक्षकांना तो फुगवटा वाटला. तो वास्तविक खड्डा आहे, हे उमजावयास आणखी काही काळ जावा लागला. १८५७ साली बर्लिनच्या ग्रेफे यांनी काचबिंदूवर शस्त्रक्रिया सुचविली. १८६२ साली हॉलंडातील स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता तयार केला. दवाखान्याच्या भिंतीवर आपण पाहतो तो याच तक्त्याचा वंशज.

आता या तक्त्याने एक गैरसमजही पसरविला आहे. शेवटची ओळ वाचता आली की डोळे ठणठणीत, असे आपण धरून चालतो. नेहमी आढळणारा काचबिंदू असा वागत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातील वाढत्या दाबाने, आणि कधी दाब वाढलेला नसतानाही, मज्जातंतू झिजतो व दृष्टीचा परीघ आकसत जातो. मधली नजर बहुधा अखेरपर्यंत शाबूत राहते. माणूस वर्तमानपत्र वाचत असतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत असतो, पण दोष देतो चौकटीला. गेलेली दृष्टी मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

मोतीबिंदूने आपल्याला वाट पाहण्याची सवय लावली, हे यातले खरे दुखणे आहे. ‘पिकू द्या, मग काढू’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते जुन्या काळी खोटे नव्हते. कच्च्या मोतीबिंदूचा अंश डोळ्यात मागे राहून दाह होई, म्हणून शस्त्रवैद्यच थांबावयास सांगत. १९४९ साली लंडनमध्ये रिडले यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. तेथून सुरू झालेल्या सुधारणांनी ती गरज संपविली आहे, उलट फार पिकलेला मोतीबिंदू स्वतःच उपद्रव करतो. तरी मोतीबिंदू पुष्कळदा आपला आळस पोटात घालतो आणि उशिरा का होईना, दृष्टी परत देतो. काचबिंदू तसा उदार नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत एक खूण करून ठेविली आहे. वाचावयाच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वय आणि चष्मा यांना एकच शब्द! परंतु ही चाळिशी आपण बाजारातून, दोन-चार नाकावर चढवून पाहून, अक्षर स्पष्ट दिसले की घेऊन येतो. डॉक्टरांकडे जाण्याचे जे एक निमित्त निसर्गाने दिले, ते दुकानाच्या पायरीवरच संपते. माझ्या मते चाळिशी लागली की तो पहिल्या संपूर्ण तपासणीचा दिवस समजावा, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारणपणे एक-दोन वर्षांनी, ती करीत जावे. आईवडिलांस किंवा भावंडांस काचबिंदू असेल त्याने चाळिशीचीही वाट पाहू नये. मधुमेह्याने तर दरवर्षी डोळ्याचा तळ तपासून घ्यावा, कारण साखरेने दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या बिघडतात, त्याची वर्दी नजरेला फार उशिरा मिळते.

तपासणीत भिण्यासारखे काही नाही. अक्षरे वाचवितात, डोळ्याचा दाब मोजतात, बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहतात. थेंबांनी काही तास जवळचे अंधूक दिसते, उजेड सोसत नाही. म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी हाकू नये. निघताना दाबाचा आकडा व मज्जातंतूच्या तोंडाची स्थिती कागदावर लिहून मागावी, आणि पुढच्या खेपेस तो कागद बरोबर घेऊन जावे. एका दिवसाचा आकडा डॉक्टरांना थोडेच सांगतो. मागील तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवले म्हणजे झीज किती वेगाने चालली आहे, ते त्यांना कळते.