अंतर आणि प्रवासकाल : मुंबई–लंडन विमानमार्गाचें उदाहरण

जुन्या पत्रांत दोन स्थळांमधील अंतर कोठें कोसांनीं, तर कोठें मजलांनीं सांगितलेलें आढळतें. कोस हें भूमीचें माप; मजल हें एका दिवसाच्या चालीचें माप. या दोहोंस एकच समजून पत्राच्या पोहोंचीची तिथि ठरविली, तर कालनिर्णय चुकतो. ज्याचीं सर्व मापें हातीं आहेत अशा अर्वाचीन उदाहरणानें हा भेद स्पष्ट व्हावा, म्हणून आम्हीं येथें मुंबई व लंडन या विमानतळांमधील प्रवास विचारास घेतला आहे.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत आंखूड वाट महावृत्ताच्या कंसावरून जाते. मुंबई ते लंडन हा कंस सिंधचा किनारा, इराण व कॉकेशस यांवरून जातो. त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. हें अंतर अचल आहे. काल मात्र तसा नाहीं.

ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें व कैरो आणि जिनिव्हा येथें थांबून १० जूनला लंडनला पोहोंचलें. आज हाच प्रवास न थांबतां सुमारें दहा तासांत होतो. हा फरक वांकड्या वाटेमुळें पडला काय? कैरो-जिनिव्हावरून जाणाऱ्या टप्प्यांची बेरीज सुमारें ७,९०० किलोमीटर होते. म्हणजे वाढ एकदशांशच. बाकीचा काल विमानाचा मंद वेग व वाटेंतील थांबे यांनीं घेतला. त्यापूर्वीं, ता. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेजनें क्रॉयडन–कराची टपालसेवा सुरू केली, तेव्हां प्रवास सात दिवसांचा असून बासल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीचा होता. ‘विमानाची टपाल’ एवढेंच वाचून तो सर्व काल उड्डाणाचा धरणें युक्त नव्हे.

दिशेचाहि विचार हवा. उंचावरील पश्चिमेचे वारे लंडनला जातांना सामोरे व परततांना पाठीशीं असतात. म्हणून परतीस साधारण एक तास कमी लागतो. शिवाय वाट राजकारणानेंहि बदलते. २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश बंद होतें, तेव्हां हिंदुस्थानांतून पश्चिमेस जाणाऱ्या अनेक विमानांस वळसा घ्यावा लागला.

शेवटीं घड्याळाचा प्रश्न. निघण्याची वेळ एका देशाची व पोहोंचण्याची दुसऱ्या देशाची असते. हिंदी प्रमाण वेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें आहे. त्यांतहि मुंबईंत १९५५ पर्यंत ३९ मिनिटें मागें असणारी स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ चालू होती. तेव्हां कागदावरील आंकडा कोणत्या घड्याळाचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सारांश, अंतरावरून काल किंवा कालावरून अंतर काढूं नये. वाट, वाहन, थांबे, दिशा व घड्याळ हीं पांच पाहून मगच निर्णय करावा. हें ठरविण्याचीं साधनें म्हणजे वेळापत्रकें, तिकिटें व टपालशिक्क्यांचीं पाकिटें. जुन्या बखरींच्या शेजारीं संग्राहकांनीं यांनाहि जागा द्यावी, अशी आमची विनंति आहे. कारण हे कागद रद्दींत सर्वांत आधीं जातात.