पदवी, नोकरी आणि भारतीय कादंबरी : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

महाविद्यालयीन पदवी पूर्ण केल्याने नोकरी मिळण्याची शक्यता वाढते काय, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. परंतु आधुनिक भारतीय भाषांतील कथा-कादंबरी ज्या काळात आकाराला आली, त्याच काळात हा प्रश्नही जन्माला आला. पदवीधर, अर्धवट शिकलेला तरुण, अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारा उमेदवार या व्यक्तिरेखा बंगाली, मलयाळम, हिंदी, मराठी आणि भारतीय इंग्रजी साहित्यात वारंवार भेटतात. या व्यक्तिरेखांचा तौलनिक विचार करताना त्यांच्यामागील संस्थात्मक इतिहास बाजूला ठेवता येत नाही. त्या इतिहासाच्या काही टप्प्यांचा मागोवा घेऊन, पदवीविषयी भारतीय साहित्यात परस्परविरोधी सूर का उमटले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. संबंधाची निर्मिती

पदवी आणि नोकरी यांचा संबंध आज स्वाभाविक वाटत असला तरी तो सरकारी आज्ञेने निर्माण झालेला आहे. १० ऑक्टोबर १८४४ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांनी इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना सरकारी नेमणुकांत प्राधान्य देण्याचा ठराव केला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने हेच धोरण व्यापक केले. कनिष्ठ जागांसाठीसुद्धा निरक्षरापेक्षा साक्षराला पसंती द्यावी, असे त्यात सुचवले होते. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ही विद्यापीठे प्रारंभी स्वतः शिकवीत नसत. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. ज्ञानदान महाविद्यालयांत आणि प्रमाणन विद्यापीठात, अशी ही विभागणी होती. पदवीकडे प्रथमपासूनच दाखला म्हणून पाहिले गेले, याचे एक कारण या रचनेत सापडते.

पहिल्या पदवीधरांच्या बाबतीत हा दाखला अतिशय फलदायी ठरला. कलकत्ता विद्यापीठाचे १८५८ मधील दोन पहिले पदवीधर म्हणजे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. बंकिमचंद्र त्याच वर्षी डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले आणि १८९१ पर्यंत सरकारी सेवेत राहिले. मुंबई विद्यापीठाने १८६२ साली आपले पहिले चार बी. ए. घडवले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांची पुढील वाटचाल शिक्षण आणि कायदा या क्षेत्रांत झाली. रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पदवीधर मोजके आणि जागा त्यांच्या प्रतीक्षेत, अशी ही अवस्था होती. पदवीच्या किमतीविषयीची जी धारणा पुढे दीडशे वर्षे टिकली, ती या अल्प काळातील अपवादात्मक अनुभवावर उभी आहे.

चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ (१८८९) या मलयाळम कादंबरीत या धारणेचे ठळक रूप दिसते. नायक माधवन बी. ए., बी. एल. झालेला असून मद्रासच्या सचिवालयात त्याला नोकरी मिळते. नायर तरवाडाच्या कारणवराशी, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या कर्त्याशी, वाद घालण्याचे आणि आपल्या पसंतीने विवाह करण्याचे बळ त्याला जसे नव्या शिक्षणातून येते, तसेच तरवाडाबाहेर मिळणाऱ्या पगारातूनही येते. येथे पदवी ही कुटुंबसत्तेपासून स्वतंत्र होण्याचे साधन झाली आहे.

२. अपुरी पदवी

पदवीधरांपेक्षा पदवीपर्यंत न पोहोचलेल्यांची संख्या नेहमीच मोठी होती. परीक्षांतील अनुत्तीर्णांचे प्रमाण पाहता हे अपरिहार्यच होते. तथापि अपुरे शिक्षणही बाजारात शून्य किमतीचे नव्हते. कारकुनीसाठी मॅट्रिक ही पुरेशी पायरी समजली जात असे, आणि अर्जावर ‘बी. ए. नापास’ असे लिहिण्याची प्रथा अनेक प्रांतांत होती. ही प्रथा पुढे थट्टेचा विषय झाली; पण तिच्यामागे एक तर्क होता. नापास होण्यासाठी आधी मॅट्रिक उत्तीर्ण व्हावे लागते, महाविद्यालयात काही वर्षे काढावी लागतात, आणि त्या काळात घराला त्या तरुणाच्या कमाईवाचून चालवता आले पाहिजे. ‘नापास’ या शब्दात ही सारी माहिती मालकापर्यंत पोहोचत असे.

साहित्याच्या इतिहासात अपुऱ्या पदवीचे स्थान लक्षणीय आहे. हरि नारायण आपटे यांना पदवी घेता आली नाही. मराठी सामाजिक कादंबरीला प्रौढत्व आणणारे लेखन त्यांच्याच हातून झाले. प्रेमचंदांचा क्रम तर उलटाच आहे. त्यांना शिक्षकाची नोकरी आधी मिळाली, बी. ए. ची पदवी १९१९ साली मिळाली, आणि १९२१ मध्ये असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पदवी आणि नोकरी यांचा संबंध कार्यकारणाचा असतोच असे नाही, एवढे तरी या उदाहरणांवरून म्हणता येते.

३. नोकरीच्या निंदेचे दोन प्रकार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘केवळ नोकरीसाठी शिक्षण’ या वृत्तीवर सर्व भाषांतून टीका झाली. ही टीका एकजिनसी मानण्याची चूक अनेकदा होते. वस्तुतः तिच्यात दोन भिन्न भूमिका आहेत.

पहिली भूमिका त्यागाची. १८७२ साली बी. ए. झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी, एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नये, अशा आशयाचे पत्र आईला लिहिल्याचे प्रसिद्ध आहे. आगरकर टेंभूच्या अत्यंत गरीब घरातून आले होते; त्यांचा त्याग सुखवस्तू माणसाचा नव्हता. परंतु जे सोडायचे ते हाताशी आलेले होते, हे विसरता येत नाही.

दुसरी भूमिका जोतीराव फुले यांची. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा विरोध मांडला. त्याच निवेदनात त्यांनी सुशिक्षितांची संख्या शतपट व्हावी आणि त्यांनी सरकारी चाकरीमागे न लागता उपयुक्त व अर्थोत्पादक व्यवसाय करावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. फुले नोकरीची हेटाळणी करीत नाहीत. नोकऱ्या मोजक्या असतील आणि त्या एकाच वर्गाकडे जात असतील, तर शिक्षणाचे फळ नोकरीतच शोधणे बहुजनांना परवडणारे नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. चिपळूणकर-आगरकरांची टीका नोकरीच्या आतून आलेली आहे. फुल्यांची टीका दाराबाहेरून आलेली आहे. शब्द सारखे दिसले तरी अर्थ वेगळे आहेत.

४. दार आणि दारवान

विसाव्या शतकात पदवी असूनही दार न उघडण्याचे अनुभव नोंदले जाऊ लागले. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणवत्तेने त्या इंग्लंडच्या शिष्यवृत्तीला पात्र होत्या, परंतु स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारली गेली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र त्यांना १९२२ मध्ये मिळाली. भारतात स्त्रियांना वकिलीचा मार्ग १९२३ च्या कायद्याने मोकळा झाला. परीक्षा, पदवी आणि व्यवसाय या तीन पायऱ्यांमध्ये तीन दशकांचे अंतर पडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बडोदा येथील प्रकरण अधिक बोलके आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या कराराने नोकरी निश्चितच होती. पण राहण्यास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून त्यांना हाकलण्यात आले, कचेरीत शिपाई कागद अंगावर टाकीत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. पदवीने पद दिले. त्या पदावर बसता येण्यासाठी लागणारी सामाजिक मान्यता पदवी देऊ शकली नाही. त्यानंतरही आंबेडकरांनी उच्च शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. उलट शिक्षणसंस्था उभारल्या. ज्यांना गावगाड्यात बलुत्याखेरीज उपजीविका नव्हती, त्यांच्यासाठी पगाराची साधी नोकरीसुद्धा जातीने नेमलेल्या कामातून बाहेर पडण्याचा मार्ग होती. कारकुनाच्या जीवनाची जी क्षुद्रता मध्यमवर्गीय साहित्याने रंगवली, तिचा अर्थ येथे पालटतो.

दारच बदलण्याचे प्रयत्नही झाले. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा आदेश काढला. त्याच्या जोडीला त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली. जागा राखून ठेवावी, पण ती घेण्याइतके शिकेपर्यंत मुलाला शहरात राहता आले पाहिजे, ही जाण या दुहेरी योजनेत होती. मद्रास प्रांतात १९१६ च्या ब्राह्मणेतर जाहीरनाम्याने पदव्या आणि सरकारी जागा यांतील विषम वाटपावर बोट ठेवले, आणि १९२१ साली नेमणुकांच्या वाटपाविषयीची सरकारी आज्ञा निघाली.

५. कादंबरीतील उमेदवार

१९२० नंतर सुशिक्षितांची बेकारी हा स्वतंत्र सार्वजनिक प्रश्न झाला. संयुक्त प्रांतात तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९३५ मध्ये या विषयावर अहवाल दिला. याच सुमारास, १९३७ मध्ये, आर. के. नारायण यांची ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नायक चंद्रन पदवी घेतो, भटकतो, संन्यास घेऊन परततो आणि अखेर एका वृत्तपत्राची एजन्सी मिळवतो. ती मिळवताना त्याला उपयोगी पडतात मद्रासमधील काकांच्या ओळखी. शीर्षक पदवीचे असले तरी उपजीविकेची गाठ नातेसंबंधांनी बांधली जाते.

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन नायकांची तुलना उद्बोधक ठरेल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पदवी न घेता पुण्याहून गावी परततो. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर सत्यजित राय यांनी १९७० मध्ये केलेल्या ‘प्रतिद्वंदी’ या चित्रपटातील सिद्धार्थ वडिलांच्या मृत्यूमुळे वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडतो आणि कलकत्त्यात मुलाखती देत फिरतो. दोघांचेही शिक्षण अपुरे, दोघेही व्यवस्थेवर वैतागलेले. पण पांडुरंगामागे गाव, शेती आणि कर्ता बाप आहे. त्याचा पराभव त्याला उपाशी ठेवत नाही, म्हणून त्याचे दुःख अस्तित्वविषयक प्रश्नांकडे वळू शकते. सिद्धार्थामागे भाड्याचे घर आणि बहिणीचा पगार आहे. त्याचा संताप मुलाखतीच्या खोलीतच फुटतो, आणि शेवटी तो औषधविक्रीच्या नोकरीसाठी शहर सोडून दूर बालुरघाटला जातो. ‘अस्तित्ववादी’ आणि ‘सामाजिक’ अशी जी वर्गवारी समीक्षा करते, तिच्या मुळाशी नायकाच्या घरी काय शिल्लक आहे, हा भेद असू शकतो.

६. आजची आकडेवारी आणि जुना प्रश्न

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ साली देशातील पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. या आकड्यांवरून पदवी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. निरक्षर तरुण बेकार राहू शकत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर त्याला करावे लागते. पदवीधर थांबतो, कारण त्याला विशिष्ट प्रकारच्या कामाची अपेक्षा असते आणि त्याचे घर काही काळ ते थांबणे सोसू शकते. नियमित पगाराची कामे ज्यांना मिळतात त्यांच्यात सुशिक्षितांचाच भरणा अधिक असतो. म्हणजे पदवी पूर्ण केल्याने चांगल्या नोकरीची शक्यता वाढते, आणि त्याच वेळी नोकरीविना वाट पाहण्याची शक्यताही वाढते.

१८४४ च्या ठरावाने जोडलेला संबंध हा पात्रतेचा होता, हमीचा नव्हता. पात्रता दारापर्यंत नेते. दाराआड किती जागा आहेत आणि दारवान कोण आहे, हे ती ठरवत नाही. ज्यांच्याकडे कूळ, ओळखी किंवा जमीन होती त्यांच्यासाठी पदवी हे अनेक साधनांपैकी एक होते, म्हणून तिचा उपहास करणे त्यांना शक्य झाले. ज्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते त्यांना पदवी अपुरी आहे हे ठाऊक असूनही सोडता आली नाही. भारतीय साहित्यातील पदवीधराच्या व्यक्तिरेखेचा तौलनिक अभ्यास करताना तिच्या निराशेची तीव्रता मोजणे पुरेसे नाही. ही निराशा कोणाला परवडते, हेही प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.