तोंडपाठ विद्या आणि अडखळणारा हात

श्रोते हो, राजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपण पुष्कळ ऐकतां. शाळेच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या मुलाचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आज मी तशाच एका मुलाचा इतिहास सांगणार आहें. तो एका व्यक्तीचा नाहीं. पिढ्यान् पिढ्या प्रत्येक गांवांत जन्मास येणाऱ्या एका प्रकारच्या मुलाचा आहे. मूल तेंच राहिलें, पण शाळेची रीत बदलली तसें त्याचें नांवहि बदलत गेलें, असें त्यांत दिसून येईल.

हा मुलगा कसा असतो तें प्रथम सांगतों. त्याचें वाचन वयाच्या मानानें उत्तम असतें. शब्दसंग्रह मोठा असतो, शुद्धलेखन चांगलें असतें, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी ध्यानांत राहते. पण सदऱ्याचीं बटणें लावतांना त्याचीं बोटें अडखळतात. बेरीज मांडतांना एकं आणि दहं यांची घरें सरकतात. नकाशा, घड्याळाची तबकडी, भूमितीची आकृति यांचा उलगडा त्याला लवकर होत नाहीं. नेहमींची वाट सोडली तर तो चुकतो. सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग, आवाजांतील उपहास, बोलण्यांतील थट्टा त्याला उमगत नाहीं. "या, बसा आमच्या डोक्यावर!" असें कोणी रागानें म्हटलें, तर तो गोंधळून पाहतच राहतो.

या अडचणीस इंग्रजींत ‘नॉनव्हर्बल लर्निंग डिसॅबिलिटी’ असें नांव आहे. मराठींत तिला अशाब्दिक अध्ययन-अक्षमता म्हणतां येईल. नांवावरून हें मूल मुकें असावें असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. शब्दांनीं सांगितलेलें त्याला चटकन् येतें. जें शब्दांवांचून, नुसतें पाहून शिकावयाचें, तें त्याला जड जातें.

आतां आपण पंतोजींच्या शाळेंत जाऊं. तेथें धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचें आणि उरलेला सारा वेळ घोकावयाचें. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हें सर्व मुखोद्गत करावयाचें आणि तिन्हीसांजेस परवचा म्हणावयाची. तेथें भिंतीवर नकाशा नव्हता, हातांत कंपासपेटी नव्हती; हिशेबसुद्धां पुष्कळसा तोंडींच होई. आपला हा मुलगा अशा शाळेंत मागें पडण्याचें कारण नव्हतें. मोडी अक्षराचें वळण बिघडलें म्हणून छडी बसली असेल तेवढीच. परवच्याच्या वेळीं त्याचाच आवाज पहिला असणार.

तरी व्यवहारांत अशा माणसाचा गोंधळ लोकांच्या नजरेस येतच असे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत प्रथम मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासांत पढतमूर्खाचीं लक्षणें निराळीं दिलीं. समर्थांचा रोख विद्या असूनहि आचरण न सुधारणाऱ्या माणसावर होता. लोकांनीं मात्र तो शब्द उचलला आणि पुस्तक येतें पण दोरीची गांठ येत नाहीं अशा कोणाच्याहि कपाळीं मारला. नीतीच्या दोषाचें नांव असें एका शारीरिक अडचणीला चिकटलें. वेंधळा, धांदरट, आगाऊ हीं त्याच शब्दाचीं भावंडें होत.

मुंबई इलाख्यांत १८५५ सालीं सरकारी शिक्षणखातें सुरू झालें, १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुढें नकाशा, भूमिति, चित्रकला, कागदावर रकाने पाडून करावयाचीं लांबलचक उदाहरणें हीं शाळेंत रुजलीं. ही सुधारणा इष्टच होती. परंतु जो मुलगा काल परवच्यांत पुढें होता, तोच आज फळ्यासमोर गप्प उभा राहूं लागला.

रत्नागिरी जिल्ह्यांत ही लाज अधिकच बोंचणारी झाली. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ सालीं याच शहरांत झाला आणि त्यांच्या गणिताच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. महर्षि धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाले. ज्या मातींत अशीं माणसें निपजलीं, तेथें भूमितीची आकृति न कळणें म्हणजे जणूं कुळाला बट्टा, असें पालकांना वाटूं लागलें.

शास्त्राची दृष्टि या मुलाकडे फार उशिरां वळली. वाचतां न येणाऱ्या हुशार मुलाचें वर्णन इंग्लंडमध्यें डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं १८९६ सालींच केलें होतें. आपल्या या मुलाची नीट नोंद अमेरिकेंतील जॉन्सन आणि मायकलबस्ट यांच्या १९६७ सालच्या ग्रंथांत झाली. मध्यें एकाहत्तर वर्षें गेलीं. याचें कारण उघड आहे. शाळा ही मुख्यतः वाचनाची जागा. ज्याला वाचतां येत नाहीं तो लवकर उघडा पडतो. जो घडाघडा वाचतो त्याच्याविषयीं कोणाला शंका येत नाहीं. पुढें कॅनडांतील बायरन रूर्क यांनीं १९८९ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि मेंदूच्या उजव्या अर्धगोलाशीं व त्यांतील जोडणाऱ्या तंतूंशीं या अडचणीचा संबंध असावा असें प्रतिपादन केलें.

बुद्धिमापनाचा इतिहासहि येथें पाहण्यासारखा आहे. बिने यांनीं पॅरिस येथें १९०५ सालीं बुद्धिमापनाची पहिली चांचणी तयार केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ती मराठी व कानडी मुलांसाठीं जुळवून घेतली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. वेक्स्लर यांनीं १९३९ सालीं शाब्दिक प्रश्नांचे गुण आणि ठोकळे, चित्रें वगैरे हातानें जुळवावयाच्या कामाचे गुण निराळे मांडण्याची रीत घातली. त्याच धर्तीची भारतीय मुलांसाठींची चांचणी नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्यें डॉ. मॅलिन यांनीं १९६९ च्या सुमारास सिद्ध केली. या दोन रकान्यांतच आपल्या मुलाचें रहस्य आहे. त्याचा पहिला आंकडा उंच असतो, दुसरा बराच खालीं. दोहोंची सरासरी काढली कीं तो सामान्य ठरतो, आणि सामान्य ठरला कीं त्याची अडचण कोणाला दिसत नाहीं.

मी ज्या शाळांतून नोकरी केली त्यांपैकीं एकींत असा एक विद्यार्थी होता. रत्नदुर्गाची माहिती तो वर्गाला तासभर सांगे, परंतु मांडवीहून टिळक आळीस एकट्यानें जाणें त्याला साधत नसे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार, पण आळशी’ असा शेरा पडला. त्याच्या आईनें मला विचारलें, "गुरुजी, याला येत नाहीं, कीं हा करीत नाहीं?" या एका प्रश्नावर अशा मुलाचें सारें आयुष्य अवलंबून असतें. ‘करीत नाहीं’ असें उत्तर मिळालें कीं शिक्षा येते. शिक्षेमागून भीति येते, आणि भीतीमागून एकलकोंडेपणा.

कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर अर्धेंच दिलें आहे. महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालीं अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेंत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजीं खालच्या इयत्तेचें गणित. तपासणीसाठीं मुंबईचीं मोठीं रुग्णालयें होतीं. सायनचें रुग्णालय त्यांत प्रमुख. तें लोकमान्य टिळकांचें नांव धारण करतें. पण कोंकण रेल्वे रत्नागिरीस येईपर्यंत टिळकांच्या जन्मगांवच्या मुलाला तेथें पोंचावयास रात्रभर एस. टी. नें जावें लागे. अपंगांविषयींच्या १९९५ च्या कायद्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्यानें एकवीस प्रकार मानले आणि तींत तिला स्थान दिलें. मात्र तिची व्याख्या भाषेवरील प्रक्रियेंतील उणिवेपासून सुरू होते, आणि या मुलाची भाषा तर उत्तम! त्याच्या अडचणीचें नांव त्या यादींत नाहीं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या वर्गीकरणांतहि तिला स्वतंत्र जागा मिळाली नाहीं. म्हणून त्याला गणिताच्या किंवा हस्ताक्षराच्या अडचणीच्या दारानें आंत शिरावें लागतें. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटानें अक्षरांशीं झगडणारा चित्रकार मुलगा घरोघर पोंचविला. अक्षरांशीं मैत्री असून चित्राला भिणारा मुलगा अजून अनोळखीच राहिला आहे.

मग घरीं आणि शाळेंत काय करावें? त्याची शक्ति शब्दांत आहे. तेव्हां शब्दांचीच काठी त्याच्या हातीं द्यावी. वाट दाखवावयाची ती खुणांच्या ओळी करून पाठ करवावी: ‘देवळापाशीं उजवीकडे, विहिरीपाशीं डावीकडे’. बेरजा चौकटींच्या वहींत मांडाव्यात, म्हणजे घरें सरकणार नाहींत. बुटाची गांठ पायरीपायरीनें बोलून शिकवावी. फळ्यावरून उतरून घेण्याचें काम कमी करावें. थट्टा केली तर ती थट्टा होती असें उघड सांगावें, आणि राग आला असेल तर तोहि शब्दांत सांगावा. यांत खर्च नाहीं. धीर मात्र पुष्कळ लागतो.

श्रोते हो, आपल्या घरीं, शेजारीं किंवा वर्गांत असें एखादें मूल असेल, तर ‘एवढें पाठ येतें, मग एवढेंसें कां येत नाहीं?’ असें त्याला विचारूं नका. तें कारण त्यालाहि ठाऊक नसतें. तें शोधण्याचें काम वडीलमाणसांचें आहे. त्या आईच्या प्रश्नाला मीं दिलेलें उत्तर तेवढें सांगतों आणि आपली रजा घेतों: "बाई, याला येत नाहीं, पण शब्दांनीं सांगितलें तर येईल."