आधी थांबायचं

उज्जैनला महाकाळाची सवारी निघते तेव्हा पालखीच्या पुढे कडाबीनवाले असतात. त्या आखूड नळीतला बार झाला की लांब उभ्या माणसांना कळतं, देव निघाला. मंदिराच्या दारात सशस्त्र पोलीस सलामी देतात. श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी हे सगळं जुन्या शहरात घडतं. रुळांच्या अलीकडे, आमच्या फ्रीगंजात, देव वर्षातून एकदाच येतो. विजयादशमीला पूल ओलांडून दसरा मैदानावर, शमीपूजनाला. सवारीचा हा थाट शिंदेशाहीतला, असं आमच्याकडची म्हातारी माणसं छाती फुगवून सांगत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं हे खरंच आहे, म्हणून त्यांचा तो अभिमान मी चालवून घेते.

आमच्या थोरल्या आजोबांना मात्र झालेल्या बाराचं कौतुक नव्हतं. न झालेल्या बाराच्या गोष्टी सांगायला बसले की त्यांना जेवणाची शुद्ध नसे. आधी ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत, आणि 1948 साली संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाल्यावर पोलिसांत, अशी त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर टॉवर चौकाजवळच्या घरात त्यांचं एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. वेब्ली, मधून मोडून उघडणारं. ते कधी कुणावर झाडल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारलं तर म्हणत, “झाडायला काय लागतं? चाप ओढला की झालं. ओढूनही झालं नाही, तर काय करायचं ते ज्याला येतं, त्याच्याच हातात हत्यार द्यावं.”

ही शिकवण त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. वडिलांचा काळ ठासणीच्या बंदुकांच्या शेवटाचा. कान्यावर रंजक भुर्रकन पेटायची, आत मात्र बार होत नसे. कधी बारूद ओली, कधी कान्याचं छिद्र काजळीनं बुजलेलं. अशा वेळी उतावळा शिपाई नळीत डोकावायचा, नाहीतर घाईनं पुन्हा बारूद ठासायला लागायचा. आत एखादी ठिणगी धुगधुगत असली तर गज हातासकट उडायचा. गावात बोटं नसलेला एखादा म्हातारा दिसला की पणजोबा म्हणत, हा शूर असेल, पण धीराचा नाही.

काडतूस आलं, पितळी खोक्यात बारूद बंद झाली, पण धोका गेला नाही. चाप ओढला, घोडा पडला, नुसताच ‘टक्’ आवाज आला, तर आजोबांचा नियम एकच: नळी होती तिकडेच, म्हणजे मातीच्या बांधाकडे, बोट चापाबाहेर, आणि सावकाश तीस आकडे मोजायचे. कारण काही काडतुसं मुकी नसतात, उशिरा बोलतात. टोपी पेटलेली असते, आतली बारूद रेंगाळते आणि क्षणभरानं उडते. रिव्हॉल्व्हरमध्ये तर याहून वाईट. ‘टक्’ ऐकून माणूस चिडून पुन्हा चाप ओढतो, चरखी फिरते, आणि ते रेंगाळलेलं काडतूस नळीच्या समोरून बाजूला सरकतं. तिथं ते उडालं तर गोळीला बाहेर जायला वाटच नाही. हे ऐकल्यापासून सिनेमातला नायक टक्-टक् करत सहा वेळा चाप ओढतो तेव्हा मला त्याच्या मनगटाची काळजी वाटते.

मोजून झालं की उघडायचं आणि काडतुसाच्या बुडाकडे बघायचं. टोपीवर खोल खड्डा असेल तर दोष काडतुसाचा. खड्डा उथळ असेल तर दोष हत्याराचा: घोड्याची कमान सैल, नाहीतर आत घट्ट झालेलं जुनं तेल. खड्डाच नसेल तर घोड्याचं टोक तपासा. आजोबा हे वैद्यानं नाडी बघावी तसं सांगत.

त्यांची खरी भीती मात्र वेगळीच होती. ‘टक्’ नाही, ‘धाड्’ही नाही, नुसतं ‘फुस्’. हाताला धक्का नेहमीपेक्षा कमी. म्हणजे बारूद अपुरी पेटली आणि गोळी नळीतच अडकली. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. तिथं मोजणं संपल्यावरही पुढची गोळी नाही. सगळी काडतुसं काढायची, हत्यार रिकामं झाल्याची दोनदा खात्री करायची, आणि ते सरळ मिस्त्रीकडे न्यायचं.

पिस्तुलाबद्दल त्यांचं मत वाईट होतं, पण त्याचीही रीत त्यांना पाठ होती. रिकामं खोकं बाहेर पडता पडता सरकपट्टीत उभं अडकतं, किंवा एकामागून एक दोन काडतुसं नळीच्या तोंडाशी भिडतात. आधी मॅगझिन काढायचं, मग सरकपट्टी मागे ओढायची, दोन-तीनदा, आणि मग डोळ्यांनी बघून बोटानं चाचपायचं. हा क्रम उलटला की घात. मॅगझिन आत ठेवून सरकपट्टी ओढणारा एक काडतूस बाहेर टाकतो आणि दुसरं स्वतःच आत भरतो. “रिकामंच होतं” असं म्हणत झालेल्या अपघातांत हा उलटा क्रम फार वेळा सापडतो.

आमच्या घरी हत्यार बिघडायचं कारण बहुधा भक्ती असे. दसऱ्याला शस्त्रपूजा. आजी तलवारीइतक्याच मायेनं रिव्हॉल्व्हरवरही हळदकुंकू वाहायची, वर अक्षता, वर खोबरेल तेलाचं बोट. कुंकू घोड्याच्या फटीत जायचं, तेल थंडीत चिकट व्हायचं. आजोबा देवापुढे काही बोलत नसत. एकादशीला सगळं खोलून रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसायचे. काडतुसं कातडी पट्ट्यात अडकवून ठेवायलाही त्यांचा विरोध. कातड्यानं पितळेवर हिरवा गंज चढतो आणि काडतूस घरात बसत नाही. पट्टा मिरवायला, काडतुसं डब्यात.

एक गोष्ट ते क्वचितच काढत आणि काढली की आवाज खाली यायचा. 20 जानेवारी 1948 च्या सकाळी दिल्लीत, हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत, गांधीजींच्या जिवावर उठलेल्या मंडळींनी जवळची दोन रिव्हॉल्व्हरं तपासली. एकाची चरखी फिरेना, दुसऱ्याची गोळी झाडापर्यंतही पोहोचेना. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगे याच्या साक्षीत हे आलं. त्या दिवशीचा कट फसला. पुढच्या आठवड्यात नथुराम गोडसे चांगल्या हत्याराच्या शोधात आला तो ग्वाल्हेरला, आमच्याच संस्थानच्या राजधानीत, आणि तिथून एक इटालियन बेरेटा पिस्तूल घेऊन गेला. 30 जानेवारीला त्यातून लागोपाठ तीन गोळ्या सुटल्या. ते अडलं नाही. हत्यार निगुतीनं ठेवावं हे ज्यांनी आयुष्यभर शिकवलं, ते आजोबा या एका पिस्तुलाबद्दल म्हणत, “मेल्यानं तेल घालायला विसरायला हवं होतं.” ग्वाल्हेर-उज्जैनच्या मराठी घरांत या विषयावर पुढे बरीच वर्षं एक चोरटी शांतता होती. कुठे कुठे ती शरमेची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

1959 चा शस्त्र कायदा 1962 पासून लागू झाला. आजोबांचं रिव्हॉल्व्हर दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायचं आणि मतमोजणीनंतर पावती दाखवून परत यायचं. या फेऱ्यांचा त्यांना राग नव्हता. राग होता तो वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचा. ग्वाल्हेर-चंबळकडे हे फार. पिऊन, नाचत, एका हातानं. तिथं एखादं काडतूस अडलं की तोच हात नळी गर्दीकडे वळवून ‘काय झालं’ म्हणून बघतो. 2019 च्या दुरुस्तीनं अशा हर्ष-फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आणि एका माणसाकडच्या परवान्याच्या हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली. आजोबा हे बघायला नव्हते. असते तर शिक्षा कमी आहे म्हणाले असते, आणि मलाही तसंच वाटतं.

ते गेल्यावर काकांनी ते वेब्ली आठवड्याच्या आत ठाण्यात जमा केलं. जुन्या सरदार-दरकदारांच्या, फौजी-पोलिसांच्या घरांत अजून अशी हत्यारं निघतात. आजोबांच्या ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेली, भरलेली की रिकामी हे कुणालाच माहीत नसलेली. परवाना माणसाबरोबर संपतो, हत्यार उरतं. तुमच्याकडे असं काही सापडलं, तर ते रिकामंच आहे असं धरून चालू नका, उघडून बघायला जाऊ नका, मुलांना खोलीबाहेर काढा आणि ठाण्याला फोन करा. वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज नंतर करता येतो.