कनेरगावचा नाका

आमच्या जवळा बाजारहून औंढा, हिंगोली मागे टाकून वाशीमकडे निघाले, की पैनगंगेच्या अलीकडे ‘कनेरगाव नाका’ लागते. नावातला हा नाका मला करोडगिरीची खूण वाटतो. करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. पैनगंगा ही निजामी राज्याची शीव. पलीकडे इंग्रजी अमलातले वऱ्हाड. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार; ७ हालीला ६ कलदार. गंमत म्हणजे १८५३ साली इंग्रजांकडे गेलेले वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते!

१५ ऑगस्ट १९४७ला मात्र पलीकडचा काठ स्वतंत्र भारतात गेला. आम्ही अलीकडेच राहिलो. सोयरेधायरे दोन्ही तीरांवर. रझाकारांच्या धास्तीने कितीतरी कुटुंबे वऱ्हाडात उतरली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात कॅम्पातले पुढारी सापडतात, पण पोरेबाळे घेऊन नदी ओलांडणाऱ्या बायका फारशा सापडत नाहीत. त्यांना विचारायला आपण उशीर केला.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ला दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. गावाचे नाव अजून कनेरगाव नाकाच आहे.