वेग की लय: मुंबईची चाचणी
हृदयाची लय बिघडवणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांचा वेग आवरावा की बिघडलेली लय पूर्ववत करावी, हा वाद जुना आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील ‘अफर्म’ चाचणीत ४,०६० रुग्ण होते, सरासरी वय सत्तरीच्या आसपास. लय सुधारण्याच्या उपचाराने आयुष्य वाढले नाही. भारतात मात्र र्‍हुमॅटिक तापाने झडपा निकामी झालेल्या तरुणांनाही हा विकार गाठतो. वृद्धांवरचा निष्कर्ष त्यांना लावणे धोक्याचेच. म्हणून मुंबईतील डॉ. अमित व्होरा, डॉ. दिलीप कर्नाड आणि सहकाऱ्यांची २००४ साली प्रसिद्ध झालेली चाचणी फार मोलाची ठरते. त्यात १४४ र्‍हुमॅटिक रुग्णांची यादृच्छिक वाटणी झाली: वेगासाठी डिल्टियाझेम, लयीसाठी अमिओडॅरोन किंवा प्लॅसिबो, जोडीला विजेचा झटका. वर्षअखेर लय टिकलेल्यांची श्रमक्षमता सुधारली होती. वेग-गटात ५ मृत्यू झाले, लय-गटांत एकही नाही. मात्र इतक्या थोड्या मृत्यूंवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.